लेडीजची बत्ती

"अहो बाई, उठा की. पिक्चर संपला."

ती हलली नाही. भिंतीला डोकं टेकून, तोंड अर्धवट उघडं टाकून, पदर हनुवटीपर्यंत ओढून गाढ झोपली होती. बाकीच्या बायका केव्हाच निघून गेल्या होत्या. मी खांद्याला हात लावला तशी ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "आले, आले, दूध उतरवलंय मी."

"इथं कुठलं दूध?" मी म्हटलं. "हे चंद्रविलास टॉकीज आहे."

तिनं रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता पायानं चपला चाचपत होती.

"किती वाजले?"

"पावणेसहा."

"मग ठीक आहे. भजन सहाला सुटतं. मी दत्ताच्या देवळात आहे."

"असं?"

"दर गुरुवारी असते. भजनाला आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही."

"आणि तिकीट काढून झोपता? पिक्चर तरी बघायचा."

"देवळात झोपले तर बायका घरी सांगतील. इथं पंखा आहे, अंधार आहे, आणि अडीच तास मला कुणी हाक मारत नाही. आणखी काय पाहिजे बाईमाणसाला?"

त्या वेळी आमच्या तालुक्याच्या गावात हे एकच टॉकीज होतं. खाली डावीकडे बायकांची जागा. मध्ये छातीभर उंचीची लाकडी भिंत, दाराला जाड निळा पडदा. त्या जागेला सगळे नुसतं 'लेडीज' म्हणत. लेडीजच्या दारावर बाईच लागते, ती मी. वय सत्तावीस. नवरा ट्रकवर होता, आला तर आला. माझ्या हातात तीन सेलची बॅटरी असायची, म्हणून गावात माझं नाव बत्तीवाली. तिकीट फाडायचं, उजेड धरायचा, खुर्ची दाखवायची. माझ्या आधीच्या चंद्राबाईनं काम देताना एकच गोष्ट शिकवली होती : बत्ती पायावर मारायची, तोंडावर कधी नाही. अंधारात बाई कशी बसलीय ते तिचं तिला.

झोपणारी बाई म्हणजे हेमलता शेलार. पिठाच्या गिरणीवाल्या शेलारांची धाकटी सून. घरात अकरा माणसं, दोन वर्षांचं पोर, सासूला दमा. रात्री कधी पोर उठवायचं, कधी सासू, आणि पहाटे चारला नळ यायचा. हे तिनं रडगाणं म्हणून नाही सांगितलं, गंमत म्हणून सांगितलं. सासूबद्दल वाईट बोलायची नाही. "त्यांना श्वास लागतो तेव्हा माझाच हात धरतात," म्हणायची.

तेव्हापासून आमचं ठरलं. शेवटची मारामारी सुरू झाली की मी जाऊन खांद्याला हात लावायचा. तेवढ्या वेळात ती तोंड पुसून, केस चापून चोपून देवळातून आल्यासारखी व्हायची.

चौथ्या गुरुवारी तिनं मला पकडलं. मध्यंतरात मला बाजूला घेतलं.

"हौसाबाई, त्या दोघींची तिकिटं ड रांगेची होती. तुम्ही ब मध्ये बसवल्यात."

"बसल्या ना? झालं तर."

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"रंग कळतो की. गुलाबी पुढं, हिरवं मागं."

"आणि ती पाटी?" तिनं दारावरच्या लाल दिव्याच्या पाटीकडे बोट केलं. "तिच्यावर काय लिहिलंय?"

सहा वर्षं मी बायकांना त्या पाटीखालून घराकडे लावत होते. "मालकाचं नाव असेल," मी म्हटलं.

ती एवढी हसली की लिमलेटवाला वळून बघायला लागला. मग एकदम गप्प झाली. "बाहेर लिहिलंय," म्हणाली. "बा. हे. र. म्हणा माझ्याबरोबर."

असं माझं शिक्षण सुरू झालं. मध्यंतराची दहा मिनिटं, कधी पंधरा. पाटी नाही, पेन्सिल नाही. पॅसेजमध्ये काचेच्या पेटीत पोस्टरं लावलेली असत, त्यांवरची अक्षरं वीत वीत लांब. हेमलताबाई काचेवर बोट टेकवायची. "हा क. ह्याला काना दिला की का." नटांची नावं, गायकांची नावं, 'आजपासून', 'रोज तीन खेळ'. ज्या आठवड्यात पोस्टर बदलायचं त्या आठवड्यात मला नवीन अक्षरं. ढ कुठल्याच पिक्चरात मिळेना, तर म्हणाली, "असू दे, तो तुम्हाला ओळखीचाच आहे."

"तुमची झोप जाते की," मी एकदा म्हटलं.

"दहा मिनिटं. तेवढी जाऊ दे. मी अकरावीपर्यंत शिकले, त्याचा गिरणीत काय उपयोग? पिठाला कुठं वाचता येतं?"

आता माझ्या दुसऱ्या विद्येबद्दल सांगते. अंधारात कोण कुठं बसलंय ते मला पाठ असायचं. कुणाच्या बांगड्या कशा वाजतात, कोण कसं खोकतं, कुणाच्या डोक्याला कुठलं तेल. शेटे मॅनेजरना याचं भारी कौतुक. कुणी पाहुणा आला की पडद्याशी आणून माझी परीक्षा घ्यायचे. "हौसाबाई, डॉक्टरीणबाई कुठं?" मी जागेवरूनच एक बत्ती मारायची, बरोब्बर डॉक्टरीणबाईंच्या पायावर. "बघा!" शेटे म्हणायचे, जसं काही त्यांनीच मला घडवलं. मलाही आवडायचं. मला कुणी कशासाठी वाखाणावं असं दुसरं होतं काय?

पौषातला गुरुवार. खेळ सुरू होऊन तास झाला असेल. हेमलताबाई तिच्या नेहमीच्या जागी, चौथ्या रांगेत, भिंतीच्या खुर्चीत. शेजारच्या खुर्चीत नेहमीसारखं कुणी नाही, नुसती तिची पिशवी. शेटे पडद्याशी आले. मागं एक माणूस, सदऱ्याच्या खांद्यावर पीठ.

"हे वसंतराव शेलार," शेटे म्हणाले. "यांच्या मंडळी आल्यात का आत? देवळात नाही म्हणून कुणीतरी इकडं पाठवलंय यांना."

मी पडदा धरून उभी राहिले. लेडीजमध्ये पुरुषाला सोडायचं नाही हा नियम, आणि तो मी फौजदाराला सुद्धा दाखवला होता.

"घरी पाहुणे आलेत," वसंतराव म्हणाले. आवाज चढवून नाही, चांगलं बोलत होते. "वहिनी माहेरी गेलीय, चहाला कुणी नाही. पण इथं नसेल ती. आमच्या घरात असली सवय नाही कुणाला."

"असतील तर हौसाबाई सांगतील," शेटे म्हणाले. "दोनशे बायकांत कोण कुठं, डोळे मिटून."

वसंतराव हसले. "काय सांगता राव! एवढ्या अंधारात मांजर ओळखायचं नाही, माणूस काय ओळखणार? बाईंना उगाच चढवून ठेवलंय तुम्ही. जाऊ द्या, चाललो मी."

आणि ते वळले. खरंच वळले. एक पाय पायरीवर होता.

"थांबा," मी म्हटलं. "हेमलताबाई ना? चौथी रांग, भिंतीची खुर्ची. दाखवू?"

कुणी मला विचारलं नव्हतं. मी नुसता पडदा सोडला असता तरी पुरलं असतं. पण माझी विद्या खोटी म्हणून एक माणूस चालला होता, आणि ते मला सहन झालं नाही. पडदा त्यांच्या हातात देऊन मी सहा पावलं आत गेले, हात वर केला आणि एकदाच बत्ती मारली. पायावर मारली असती तर दारातून दिसलं नसतं. म्हणून तोंडावर मारली.

पांढऱ्या गोलात तिचा चेहरा आला. भिंतीला टेकलेलं डोकं, उघडं तोंड, ओठाच्या कडेला लाळ. आणि ती घोरत होती. पडद्यावर नेमका कुणाच्या तरी मरणाचा प्रसंग, संगीत थांबलेलं, त्यामुळे ते घोरणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"अगं बाई! झोपायला तिकीट काढलंय!"

"कोण गं ती?"

"शेलारांची धाकटी."

हसणं चौथ्या रांगेत सुरू झालं आणि पुढं पहिल्या रांगेपर्यंत गेलं. हेमलताबाईनं डोळ्यांवर हात धरला. उजेडामागचं माणूस दिसत नसतं, तिला मी दिसले नाही. "हौसाबाई?" ती म्हणाली. माझ्याकडे मदत मागितल्यासारखी.

"चल," दारातून वसंतराव म्हणाले.

तिची एक चप्पल खुर्चीखाली गेली होती. ती वाकून शोधत होती, सापडत नव्हती. मग मी चपलेवर उजेड धरला. तेवढं काम मी चोख केलं.

पॅसेजमध्ये तिचा चेहरा बघून मला काहीतरी करावंसं वाटलं. "साहेब, काही नाही हो," मी म्हटलं. "दर गुरुवारी येतात, पण पिक्चर बघतच नाहीत. नुसत्या झोपतात."

"दर गुरुवारी," वसंतराव म्हणाले. आतलं हसणं अजून थांबलं नव्हतं. त्यांची मान लाल झाली होती. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. दोघं पुढंमागं चालत गेली.

"मानलं हौसाबाई," शेटे म्हणाले. "एका फटक्यात!" आणि मला बरं वाटलं. हे सांगायला नको होतं, पण वाटलं.

पुढं जे झालं ते मला बाजारातून कळत गेलं. भजन बंद झालं. गल्लीत बायका म्हणायला लागल्या, तिकीट काढून कुणी झोपायला जातं का? मग कुणीतरी म्हणालं, एकटी कशावरून? मग कुणीतरी शेजारची खुर्ची रिकामी होती तिच्यात माणूस बसवला, आणि तो माणूस कोण यावर पैजा लागल्या. संक्रांतीनंतर हेमलताबाईला माहेरी घालवून आले. पोर ठेवून घेतलं. ती परत आली नाही. म्हणजे आणलीच नाही.

उरलेली अक्षरं मी एकटीनं पुरी केली. ढ मला एका 'ढगफुटी'च्या बातमीत सापडला. वर्तमानपत्र वाचायला लागले, मग वाचनालयातली पुस्तकं. टॉकीज बंद पडलं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. मी घरातल्या पडवीत संध्याकाळी बायकांना शिकवायला लागले. धुण्याभांड्याच्या, भाजीवाल्या, दोन सासवा. वीस वर्षांत शंभरावर बायका सही करायला लागल्या असतील. चांगलं काम आहे, नाही म्हणत नाही मी.

गेल्या वर्षी आमच्या गावातल्या महिला मंचानं मला पुरस्कार दिला. पितळी मशाल, वर ज्योतीच्या आकाराचा लाल बल्ब, बुडाला खटका. निवेदन करणारी मुलगी कॉलेजातली, तिचा आवाज भरून आला होता. "ज्यांनी टॉकीजच्या अंधारात बत्ती दाखवली आणि पुढे घराघरात अक्षरांची मशाल नेली, कुणाच्याही मदतीशिवाय स्वतःच शिकलेल्या, अशा आपल्या हौसाताई लोहार!"

मी उठले. माईक माझ्या उंचीला वर होता. साऊंडवाला मुलगा धावत आला, स्क्रू सैल करून माईक खाली घेतला. त्याच्या शर्टावर शिवून लिहिलं होतं 'उमेश शेलार, साऊंड सर्व्हिस'. मला वाचता येत होतं. तोच तो, दोन वर्षांचा ठेवून घेतलेला. गावात दहादा दिसला असेल, आणि दहाही वेळा मी रस्ता बदलला असेल.

तो माईकशेजारीच थांबला. मी म्हटलं, "मी स्वतः शिकले नाही. मला हेमलता शेलार यांनी शिकवलं. टॉकीजमध्ये. स्वतःची झोप मोडून."

मला पुढं बोलायचं होतं. पण टाळ्या सुरू झाल्या. निवेदिका पुढं झाली आणि म्हणाली, "वा! म्हणजे एका ज्योतीनं दुसरी ज्योत पेटते, ती अशी!" आणखी टाळ्या. असा मोठेपणा फुकट मिळत असताना मध्येच हात वर करून पुढचं सांगायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. मी बसले.

कार्यक्रम संपला. सतरंज्या गोळा होत होत्या. उमेश कोपरावर वायर गुंडाळत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्ही बत्तीवाल्या बाई?"

"हो."

"आई तुम्हाला शिकवायची?"

"हो रे. कशा आहेत त्या?"

"मामाकडं आहे. दिवाळीला जातो मी." वायरचा एक वेढा, दुसरा वेढा. "आजी मरेपर्यंत एकच सांगायची. म्हणायची, मी स्वतः टॉकीजवर जाऊन विचारलं होतं. सून परत आणायची होती तिला. ती बत्तीवाली म्हणाली, मला काही दिसलं नाही."

ते मी आतापर्यंत सांगितलेलं नाही.

हेमलताबाईला माहेरी घालवल्यावर आठच दिवसांत म्हातारी आली होती. सकाळची वेळ, टॉकीज रिकामं. तीन पायऱ्या चढून धापा टाकत माझ्यासमोर बसली. म्हणाली, "बाई, खरं काय ते सांग. वसंता माझं ऐकेल. एकटीच असायची ना माझी पोर?" खिडकीत शेटे उभे होते. त्यांनी आधीच बजावलं होतं, भानगडीत पडायचं नाही, लेडीजचं नाव खराब झालं तर बायका यायच्या बंद होतील, मग तुला ठेवून काय करू? मी म्हटलं, "आजी, अंधारात कुणाला काय दिसतंय?"

म्हातारी थोडा वेळ बसून राहिली. मला वाटलं दम घेतेय. ती मी आणखी काही बोलते का याची वाट बघत होती.

"दिसलं होतं?" उमेशनं विचारलं.

"सगळं. एकटीच असायची. झोपायची फक्त. शेजारच्या खुर्चीत तिची पिशवी असायची, भजनाची वही घातलेली."

त्यानं वायर खाली ठेवली. म्हणाला, "उद्या दहाला गिरणीवर या. बाबा असतात. त्यांच्यासमोर बोला."

"येते," मी म्हटलं.

रात्रभर मी वाक्यं जुळवली. दहाला गेले. डब्यांची रांग होती, गिरणी चालू होती. वसंतराव म्हातारे झाले होते, भुवया पिठानं पांढऱ्या. उमेशनं हात करून गिरणी बंद करायला लावली. एकदम इतकं शांत झालं की रांगेतल्या बायका माझ्याकडेच बघायला लागल्या. मी त्यांच्यासमोरच बोलले. शेलारांची धाकटी दर गुरुवारी एकटी यायची, दमलेली असायची म्हणून झोपायची, दुसरं कुणी कधी नव्हतं, मी दर वेळी बघत होते, आणि तुमच्या आईनं विचारलं तेव्हा मी नोकरीपायी खोटं बोलले. माझी चूक.

वसंतरावांनी पट्ट्यावरचं पीठ बोटानं पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही कशाला एवढं ओझं घेता?" ते म्हणाले. "मला माहीत होतं ते."

"काय माहीत होतं?"

"एकटीच होती. मी दारात उभा नव्हतो का? तुम्हीच तर उजेड धरला. शेजारच्या खुर्चीत कुणी नव्हतं, ती घोरत होती, सगळं स्वच्छ दिसलं." ते थांबले. "दोनशे बायका हसल्या हो, बाई. त्यावर काय करायचं होतं मी?"

वसंतरावांनी खटका दाबला. पट्टा फिरायला लागला, घरघर वाढत गेली, आणि आता कुणी कुणाला काही विचारायचा प्रश्नच राहिला नाही.

उमेश पुढं झाला आणि त्यानं गिरणी पुन्हा बंद केली.